थोरली बेटवाली आणि धाकटीची परीक्षा

आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या बाईला नाव उरत नाही. सरकारी कागदावर असतं, मेल्यावर दगडावर येतं, पण मधलं सगळं आयुष्य ती माहेरच्या गावाची होऊन जगते. कुणी बल्ग्योवाली, कुणी यसुवाली. मी सुनचनवाली.

यांगनिम एका बेटावरून आली म्हणून बेटवाली झाली. पुढं त्याच बेटावरची पिलसुन सून होऊन आली आणि गावापुढं पेच पडला. दोन बेटवाल्या ओळखायच्या कशा? मग आधी आली ती थोरली आणि मागनं आली ती धाकटी. खरं तर धाकटी वयानंही मोठी आणि अंगानं दुप्पट. पण गावानं एकदा म्हटलं की म्हटलं.

पिलसुनला ह्या चिखलात ओढली यांगनिमनंच. शेजारच्या घरात लग्नाचा पोरगा होता. तिनं बेटावर सांगावा धाडला, पोरगा गरीब गाय आहे. पोरगा तसाच निघाला. भूक लागली तरी तोंड उघडायचा नाही, नुसता चमचा आपटायचा.

"हिनं मला फशीवली," पिलसुन पुढं जन्मभर सांगत फिरली. "म्हनली गाय हाय. आगं, गाय हंबरती तरी!"

"माझा बोलका हुता न्हवं?" यांगनिम फणकारायची. "बोलून बोलून माझी हाडं ढिली केली त्यानं. तुज्या मुक्यानं कवा हात उगारला का, सांग की घुबडतोंडे!"

खोटं नव्हतं. यांगनिमचा नवरा दारू पिऊन मारायचा आणि उतरली की रडायचा. दोन्हींचा तिला सारखाच वीट आला होता. तिला तिसरीही मुलगीच झाली, तेव्हा सासूनं चूल पेटवली नाही. आमच्याकडं बाळंतिणीला समुद्रशेवाळाचं सार देतात. ते मिळालं नाही तर अंगावर दूध उतरत नाही म्हणतात. पिलसुननं स्वतःचं पोर पाठीला बांधलं आणि साराचं भांडं कापडात गुंडाळून मागच्या दगडी गडग्यावरनं आत दिलं. सासूनं बघितलं, शिव्या दिल्या, दुसऱ्या दिवशी गडग्यावर काटे टाकले. पिलसुन काट्यांवरनं आली. त्या मुली आता कुठं कुठं लांबच्या शहरांत आहेत. सणाला फोन करतात, फळांची पेटी धाडतात. वाईट नाहीत. लांब आहेत.

आमचं पोट खाडीवर. पाणी हटलं की नजर पोचेल तिथवर काळा चिखल उघडा पडतो. त्यात माणूस मांडीपर्यंत रुततं, म्हणून लांब फळी घ्यायची, एक गुडघा फळीवर टेकायचा आणि दुसऱ्या पायानं चिखल मागं रेटत पुढं सरकायचं. हात कोपरापर्यंत घालून शिंपल्या उपसायच्या. ते सगळं ऐन थंडीत, कारण शिंपल्या थंडीतच भरतात. फळी हे बायकांचं काम. पुरुष होडीवर उभे राहून विड्या ओढतात. ह्या दोघी कायम जोडीनं जायच्या, एकमेकींच्या पुढंमागं, शिव्या देत.

चिखल म्हातारपणी काही ना काही परत घेतोच. यांगनिमचे गुडघे घेतले. ती आता बाळाची ढकलगाडी धरून चालते. तशा सगळ्याच चालतात. गावात शेवटचं बाळ कधी जन्मलं ते कुणाला आठवत नाही, पण बाबागाड्या दारोदार उभ्या, आत मुळे नाहीतर कोबी.

पिलसुनचे गुडघे मात्र धड राहिले. तिचं डोकं गेलं.

आधी वाटलं, म्हातारपण आहे. खारवलेल्या कोळंबीची बरणी वॉशिंग मशीनमध्ये सापडली, तेव्हा सगळ्या हसल्या, ती स्वतः सगळ्यांत मोठ्यानं. मग एकदा ती रबराचे हातमोजे भातात शिजवायला निघाली. मग नवऱ्याला जेवायला हाक मारू लागली, आणि तो मुका तर डोंगरातल्या कबरीत जाऊन झोपलेला कधीचा. तेव्हा यांगनिम हसायची थांबली.

पिलसुनला एकच मुलगा, गिवान. ग्वांगजूला लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवतो. रोज संध्याकाळी फोन करायचा. यांगनिम त्याआधी गाडी ढकलत तिथं पोचायची आणि फोनला कान लावून बसायची. तो विचारायचा, आई, काय जेवलीस? पिलसुन हिच्या तोंडाकडं बघायची. यांगनिम ओठ हलवायची, मासा. "मासा," पिलसुन सांगायची. कुठला? यांगनिम दोन्ही हातांनी लांबी दाखवायची. असं बरंच चाललं. पण शरदातल्या सणाला गिवान घरी आला आणि परसात त्याला जळालेली पातेली सापडली. एकात एक घालून, वर पोतं टाकून यांगनिमनंच लपवली होती. त्यानं मोजली नाहीत. पोतं परत वर टाकलं.

आता टीव्हीवरच्या मालिकेचं सांगते.

गावात म्हाताऱ्यांसाठी सरकारी खोली आहे. आम्ही तिला म्हातारखोली म्हणतो. थंडीत घर तापवायला तेल परवडत नाही म्हणून सगळ्या तिथं खालनं तापवलेल्या जमिनीवर पडून असतात. फुलांच्या चित्रांचे पत्ते कुटायचे, लसूण सोलायचा आणि टीव्ही बघायचा. त्या वर्षी तीन म्हाताऱ्यांची मालिका लागली होती. लहानपणापासूनच्या मैत्रिणी, बाजारात शेजारी शेजारी बसून तांदळाच्या वड्या विकतात, आणि आता म्हाताऱ्या झाल्यात. ती दुपारी परत दाखवत, तेव्हा आम्ही बघायचो.

"तिचं हात बघ गं," यसुवाली म्हणायची. "बाजारात बसती म्हनं! डाग न्हाई एक."

"आन खालनं उठली कशी बघितलीस? चटदिशी! हिला गुडघं लावलं न्हाईत का देवानं?"

"पैसं घेती ती म्हातारं हुयाचं. आपून फुकट झालो."

यांगनिमला मात्र वाटायचं, ही आपलीच गोष्ट आहे, कुणीतरी गडग्यावरनं बघून लिहिली. मालिकेतल्या एका म्हातारीची आठवण जात चालली होती. सुनेला तिला लांब कुठंतरी नेऊन टाकायचं होतं. डॉक्टर तपासणार होता. मग तिच्या मैत्रिणीनं वड्या थापता थापता सगळी उत्तरं तिच्याकडून घोकून घेतली आणि म्हातारी डॉक्टरपुढं बसून पोपटासारखी बोलली. डॉक्टर उठून उभा राहिला. सुनेचं तोंड उतरलं. म्हातारी आपल्या घरी राहिली. आमच्या खोलीत टाळ्या पडल्या. यांगनिमनं नुसती मान हलवली. "आसं पायजे," म्हणाली.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाला पिलसुननं तिला सांगितलं, "गिवान्याचा फोन हुता. सरकारची बाई येनार हाय मला बघाया. तिच्या हातात हाय म्हनं, मी हितं ऱ्हायची का जायची."

ह्यातला शब्द न शब्द खरा होता. फक्त मधला भाग पिलसुनच्या डोक्यातनं गळून गेला होता. बाईनं ठरवलं असतं की हिला आधार लागतो, तर सरकार रोज घरी माणूस धाडणार होतं. जेवू घालायला, आंघोळ घालायला, गॅस बंद करायला. म्हणजे पिलसुन गावातच, आपल्याच घरात राहिली असती. गिवाननं धडपड केली होती ती त्यासाठी. आणि बाईनं म्हटलं असतं की ही धडधाकट आहे, तर माणूस मिळणार नव्हतं, आणि गिवानला तिला एकटी ठेवता येणार नव्हती.

गावात दोन घरी अशी मदतीची बाई येते. सगळ्यांना माहीत आहे. यांगनिमनं एका शब्दानं विचारलं असतं तरी कळलं असतं. पण तिनं म्हातारखोलीत ह्याची वाच्यताच केली नाही. धाकटीचं डोकं गेलंय हे आम्हाला कळू नये म्हणून. आम्हाला ते कधीच कळलं होतं. पण ती झाकतेय तर झाकू दे, त्यांची अब्रू त्यांच्यापाशी, म्हणून आम्हीही गप्प होतो. आमच्याकडं असंच असतं. शेजारणीची उघडी भाजी झाकायला आम्ही धावतो, आणि भाजी आत कुजते.

मग पिलसुनच्या स्वयंपाकघरात शिकवणी लागली.

"आज वार कंचा?"

"बाजाराचा."

"बाजाराचा न्हवं भवाने, वार इचारते वार!"

"बल्ग्योचा बाजार भरतो का न्हाई आज? मग?"

"बरं. दिवस कशाचं हायती?"

"शिंपल्यांचं."

"हिवाळा म्हनायचं!"

"तेच की."

"शंभरातनं सात गेलं. किती?"

पिलसुन सावध झाली. "कुनी नेलं?"

यांगनिमनं कपाळ बडवून घेतलं. रागानं उठून घरी गेली आणि मग परत आली. एक दिवस तिला सुचलं. फळी रेटताना आम्ही दम टिकावा म्हणून एका चालीवर मोजत जातो. पायाचा एक रेटा, तोंडातनं एक आकडा. तिनं पिलसुनला जमिनीवर पाटावर गुडघा टेकवून बसवलं, दुसरा पाय मागं रेटायला लावला आणि त्या चालीवर उत्तरं म्हणायला लावली. रेटा, हिवाळा. रेटा, त्र्याण्णव. रेटा, वर्ष. रेटा, गावाचं नाव. डोक्यात राहत नव्हतं ते पायात राहिलं. महिना सरता सरता पिलसुन मुळा चिरताना नुसता अंगठा हलवून सगळं घडाघडा म्हणू लागली. तारीख आणि वार तेवढे रोज बदलायचे. ते यांगनिम सकाळी घालायची, जसं कोंबडीला दाणे घालतात तसं.

बाई आली त्या दिवशी पिलसुनचे केस ताजे कुरळे केलेले होते. जमीन पुसलेली. रात्री बांधायच्या लंगोटांची पुडकी यांगनिमनं स्वतःच्या घरी नेऊन ठेवली होती. पिलसुन लग्नसमारंभातलं जांभळं जाकीट घालून, तोंडाला लाली लावून बसली होती. बाई तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलायला मऊ.

"आजी, आज तारीख काय?"

पिलसुनचा अंगठा मोज्यात हलला. तिनं सांगितली. वारही सांगितला, न विचारता. ऋतू सांगितला. शंभरातनं सात वजा केले, आणि बाई पुढं गेली तरी हिनं आणखी सात वजा केले, कारण चाल अजून संपली नव्हती. उठा म्हटल्यावर उठली. हात वर करा म्हटल्यावर केले आणि वर दोन पावलं नाचून दाखवली.

"जेवण कोण करतं, आजी?"

"मीच की. कोन करनार? ह्या लंगडीला बी मीच घालते," तिनं यांगनिमकडं बोट केलं. हे शिकवलेलं नव्हतं. आतनं आलं होतं.

बाई यांगनिमकडं वळली. "तुम्ही शेजारी ना? खरं सांगा. गॅस विसरतात का कधी? रस्ता चुकतात का? इथं लाजण्यासारखं काही नाही. अडचण सांगितलीत तरच आम्हाला मदत करता येते."

यांगनिमनं डोळे बारीक केले. मालिकेतला डॉक्टरही सुरुवातीला असाच गोड बोलला होता.

"अडचन?" ती म्हणाली. "हिला? बाई, हिच्यासारखं डोस्कं गावात कुनाचं न्हाई. कोन कवा मेलं, कुनाच्या लग्नात काय वाढलं, समदं हिला इचारून घेत्यात लोक."

बाईनं दारात बूट घालता घालता मागं वळून म्हटलं, "आजी, तुमची तब्येत छान आहे. अशाच राहा."

तिची मोटार वळणापल्याड गेली आणि यांगनिमनं पिलसुनच्या पाठीत असा धपाटा घातला की ती पुढं झुकली. "जितलीस गं, म्हैस! जितलीस!"

त्या संध्याकाळी यांगनिम म्हातारखोलीत मुगाची धिरडी आणि तांदळाची दारू घेऊन आली. जन्मात पहिल्यांदा स्वतःहून. आणि मग तिनं सगळं सांगितलं, बाई काय म्हणाली, पिलसुन काय म्हणाली, हातवाऱ्यांसकट. पिलसुन शेजारी बसून धिरडी खात होती. आम्ही हातातली धिरडी खाली ठेवली. बल्ग्योवालीनं माझ्याकडं बघितलं, मी यसुवालीकडं. कुणी सांगावं? झालं ते झालं होतं. आम्ही दारू ओतली आणि म्हटलं, शाबास.

निकाल गिवानला कळला तसा तो आला. बूट न काढताच ओटीवर बसला. आई आत झोपली होती. त्यानं यांगनिमला बोलावलं.

"मावशी, आईला हे कुणी शिकवलं?"

"म्या," ती ताठ होऊन म्हणाली. "महिनाभर घासून घेतलं."

गिवान तोंडावरनं हात फिरवत राहिला. हाताला सिमेंटचे पांढरे चरे होते. "मावशी, ती नापास झाली असती तर रोज घरी बाई आली असती. आईचं सगळं केलं असतं. आई इथंच राहिली असती. मी त्याच्यासाठीच मागं लागलो होतो."

"आन पास झाली तर?"

"पास झाली म्हणजे धडधाकट. धडधाकट माणसाला कोण कशाला हात देईल?"

"पर टीव्हीत तर..."

"ती मालिका आहे, मावशी."

यांगनिमनं अंगणातल्या किमचीच्या रांजणाचं झाकण उगाच उचलून परत ठेवलं. मग एकदम बोलायला लागली. "बोलव तिला परत. म्या सांगते खरं. ही अंथरुनात मुतती. गॅस चालू ठेवून परसात जाती. मला कवा कवा सासू समजून पाया पडती. आपलाच बूट हुडकाया दिवस घालवती. समदं सांगते. येकेक सांगते. माज्या तोंडानं खोटं बोलले म्हनून सांगते, मला काय करायचं ते करू दे तिनं."

"परत अर्ज करीन. पण लगेच येत नाहीत त्या. तोवर हिला कुठं ठेवू? माझ्या बायकोची कंबर धरलेली, दोन खोल्यांचं घर, चौदाव्या मजल्यावर."

"माझ्याकडं ऱ्हाईल," यांगनिम म्हणाली. "टीव्हीतल्या त्या तिघी ऱ्हात्यात की येका घरात."

ती मालिका होती हे दुसऱ्यांदा सांगण्याचा गिवानला कंटाळा आला असावा. पण त्यालाही दुसरी वाट नव्हती. त्यानं आईची गादी उचलून शेजारच्या घरात नेऊन टाकली.

तसं नीट चाललं होतं, म्हणजे पहिले काही दिवस. दोघी एका तापल्या जमिनीवर झोपायच्या, भांडायच्या. यांगनिम दाराला दोरी बांधून दोरीचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळायची. पिलसुननं दार उघडलं की दोरी ओढली जायची. मग यांगनिम दोन्ही हात टेकून, आधी कुल्ले वर, मग भिंत धरून, अशी उभी राहायची. तेवढ्या वेळात धड गुडघ्यांचं माणूस कुठल्या कुठं जातं.

एक दिवस पहाटे पाणी हटलेलं होतं. दोरी ओढली गेली. यांगनिम उभी राहीपर्यंत पिलसुन अंगणातनं फळी आणि बादली घेऊन निघूनही गेली होती. यांगनिम ढकलगाडी घेऊन बांधापर्यंत पोचली. बांधापुढं गाडी चालत नाही. चिखलात लांबवर एक ठिपका सरकत होता, एका लयीत, जसा तरण्या बाईचा सरकतो.

"पिलसुन! ए पिलसुन! माघारी फीर, भरती हाय!"

वारा समुद्राकडनं होता. हाक तिच्याच तोंडात परत आली. तिनं चिखलात एक पाय घातला, तो मांडीपर्यंत गेला आणि तिथंच बसला. सरपंच दुधाच्या गाडीची वाट बघत रस्त्याला उभा होता, त्याला ती दिसली. आधी त्यानं हिला उपसून काढली आणि मग तो आणि आणखी एकजण होडी घेऊन धाकटीकडं गेले. तोवर पाणी फळीला लागलं होतं. पिलसुन त्यांच्यावर चिडली. म्हणाली, बादली भरू द्या. बादली जवळजवळ भरलेली होती, सगळ्या शिंपल्या एका मापाच्या, एकही दगड नाही. ओठ मात्र निळे पडले होते आणि अंगावर झोपायचे पातळ कपडे.

तिला ताप भरला. गिवान आला. दुसऱ्या अर्जावर सरकारची बाई अजून यायची होती, पण तिची वाट बघायची ताकद कुणातच उरली नाही. सुनचनमध्ये म्हाताऱ्यांचं एक इस्पितळ आहे. तिथं परीक्षा लागत नाही. पैसे भरले की घेतात.

"मावशी, आता काही बोलू नका," गिवान म्हणाला.

"मी कुटं बोलतीया," यांगनिम म्हणाली.

पण पिलसुन मोटारीत बसेना. तिनं दाराच्या दोन्ही कडा धरल्या, पाय रोवले. अंगानं दणकट, गिवानला आवरेना. तो थकून यांगनिमकडं बघू लागला. काही मागितलं नाही त्यानं, नुसतं बघितलं. यांगनिमनं ढकलगाडी भिंतीला लावली, मोटारीचं पलीकडचं दार उघडलं आणि स्वतः आत जाऊन बसली.

"चल गं," म्हणाली. "बल्ग्योच्या गरम पान्याच्या न्हानीघराला जाऊ. पाठ घासून दे माजी."

पिलसुन लगेच बसली. आम्ही सगळ्या रस्त्यावर उभ्या होतो. मोटार गावाच्या तोंडाशी, बस थांबते तिथं जाऊन थांबली. यांगनिम उतरली.

"कुटं चाललीस?" आतनं पिलसुन ओरडली.

"मुतून येते. हालू नगंस जाग्यावरनं."

दार लागलं आणि मोटार गेली. यांगनिम तिथल्या बाकावर बसून राहिली. आम्ही तिची गाडी घेऊन गेलो तेव्हा म्हणाली, "खरंच मुतायचं हुतं," आणि झुडपामागं गेली.

मालिका त्याच महिन्यात संपली. शेवटी तिन्ही म्हाताऱ्या अंगणात बसून हसत खात होत्या. यांगनिम भिंतीकडं तोंड करून पडली होती. कुणी आवाज वाढवला नाही, कुणी बंदही केला नाही.

थंडी ओसरल्यावर ती मला म्हणाली, "सुनचनवाले, तुज्या माहेरचं शार हाय. मला वाट दाव." आम्ही बसनं गेलो. वाटेत ती पुटपुटत होती. मला वाटलं जप करतेय. मग कळलं, पिलसुन घरी ने म्हणून रडली तर काय काय सांगायचं ते ती जुळवत होती. छप्पर काढलंय, नवं घालत्यात. रस्ता फुटलाय. गिवान्या उन्हाळ्यात न्येनार हाय. एक नाही पटलं तर दुसरं. चांगली तयारी केली होती.

इस्पितळात खोलीत आठ खाटा. पिलसुन खिडकीजवळच्या खाटेवर बसून केळं खात होती. केस पोरासारखे बारीक कापलेले, गाल भरलेले. तिची नखं मी बघितली. जन्मभर त्यांच्यात काळं होतं, कितीही धुतलं तरी न जाणारं. आता गुलाबी होती.

"आले गं," यांगनिम म्हणाली. "लई दिस झालं. रागावलीस व्हय?"

पिलसुननं सरकून खाटेवर जागा केली, पाहुण्या बाईला करतात तशी. "बसा," म्हणाली. केळ्याचा अर्धा तुकडा मोडून पुढं केला.

यांगनिमनं तो घेतला आणि हातात धरून बसली. "घरचं समदं बरं हाय," म्हणाली. "छप्पर तेवढं काढलंय."

"कुनाचं?"

"तुजं."

पिलसुन विचारात पडल्यासारखी झाली, मग तिनं हसून हात हलवला. "माजं हितंच हाय. गरम पानी येतं. त्या बाई भात आनून देत्यात, करावा लागत न्हाई." खालच्या आवाजात म्हणाली, "लई मोटं घर हाय."

यांगनिम तिच्या तोंडाकडं बघत राहिली. ती जे ऐकायला तयार होऊन आली होती ते आलंच नाही. तिनं स्वतःच काढलं. "गावाकडं यावंसं वाटत न्हाई का गं? खाडीवर?"

"तुमी खाडीवरच्या व्हय?" पिलसुन म्हणाली. "लांब आसंल. निघा मग, बस चुकंल."

आणि ती उरलेलं केळं खाऊ लागली.

परतीच्या बसमध्ये यांगनिम खिडकीशी बसली. हातातला केळ्याचा तुकडा काळा पडला तसा तिनं तो खाऊन टाकला.

म्हातारखोलीत सगळ्या वाटच बघत होत्या. पत्ते तसेच मांडलेले. यसुवालीनं उशी सरकवली. "काय म्हनली गं धाकटी? वळखलं?"

"न वळखाया काय झालं?" यांगनिम बसता बसता म्हणाली.

"रडली आसंल."

"रडली म्हंजे? माजा हात सोडंना. घरी न्ये, घरी न्ये, म्हनून आकांत मांडला. नर्सनी दोघींनी धरली तवा कुटं मी सुटले."

"आगं आई गं," सगळ्या चुकचुकल्या. बल्ग्योवालीनं डोळे पुसले. "व्हय की सुनचनवाले?"

यांगनिमनं माझ्याकडं बघितलं नाही. ती गुडघे चोळत होती.

"व्हय," मी म्हणाले. "लई रडली," आणि पत्ते पिसायला घेतले.